छायाप्रकाशाची पारख

प्रस्तावना

'फोटोग्राफी' हा शब्द ग्रीक मुळांवरून घडवलेला आहे. त्याचा अर्थ 'प्रकाशाने लिहिणे' असा होतो. मराठीसह अनेक भारतीय भाषांनी मात्र या कलेला 'छायाचित्रण' असे नाव दिले आणि प्रकाशाइतकाच छायेचाही मान राखला. हे नाव अर्थपूर्ण आहे. कारण केवळ उजेडाने चित्र तयार होत नाही. उजेड कोठे संपतो, सावली कोठे दाट होते आणि या दोहोंच्या मध्ये किती छटा उरतात, यांवर चित्राचा जिवंतपणा अवलंबून असतो.

आज बहुतेकांच्या हाती मोबाइल कॅमेरा आहे. बटण दाबताच चित्र उमटते. प्रकाश किती घ्यावा हे कॅमेराच ठरवतो. मग माणसाने वेगळे शिकण्यासारखे काय उरले? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. कॅमेरा प्रकाश मोजतो; परंतु समोर काय आहे आणि त्यातील महत्त्वाचे काय आहे, याचा निर्णय पाहणाऱ्यालाच करावा लागतो.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

- एक्स्पोजर म्हणजे काय आणि ते कोणत्या घटकांवर अवलंबून असते, हे स्पष्ट करता येईल.
- कॅमेऱ्याचा प्रकाशमापक कोठे व का फसतो, हे उदाहरणांसह सांगता येईल.
- हिस्टोग्राम हा छटांचा आलेख वाचता येईल.
- छायाचित्राच्या संपादनात सुधारणा कोणती आणि विपर्यास कोणता, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

१. प्रकाशाची मात्रा

कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पडद्यावर, म्हणजे सेन्सरवर, एका चित्रासाठी पडणाऱ्या प्रकाशाच्या मात्रेला 'एक्स्पोजर' म्हणतात. औषधाप्रमाणेच येथेही मात्रेला महत्त्व आहे. ती कमी पडली तर चित्र काळवंडते. अधिक झाली तर उजळ भाग पांढरेफटक पडतात.

ही मात्रा दोन गोष्टींनी नियंत्रित करता येते. भिंगामागील छिद्र किती उघडे ठेवायचे, ही पहिली गोष्ट. या छिद्राला 'अ‍ॅपर्चर' म्हणतात. प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा, ही दुसरी. तिला 'शटरचा वेग' म्हणतात. 'आयएसओ' हा तिसरा आकडाही नेहमी त्यांच्याबरोबर घेतला जातो; परंतु डिजिटल कॅमेऱ्यात त्याने सेन्सरवर पडणारा प्रकाश वाढत नाही. मिळालेल्या प्रकाशाचा संकेत तेवढा मोठा केला जातो. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला म्हणजे गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, तसेच येथे घडते.

छायाचित्रकार प्रकाशाची मात्रा 'स्टॉप' या एककात मोजतात. एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे आणि एक स्टॉप कमी करणे म्हणजे तो निम्मा करणे. शटर १/२५० सेकंदाऐवजी १/१२५ सेकंद उघडे राहिले, तर प्रकाश दुप्पट मिळतो. अ‍ॅपर्चर एफ/८ वरून एफ/११ वर नेले, तर तो निम्मा होतो. प्रकाशमापक सर्वत्र उपलब्ध नसतानाच्या काळापासून एक सोपा नियम चालत आला आहे. स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका ठेवावा. म्हणजे आयएसओ १०० असेल तर सुमारे १/१०० सेकंद. हा नियम आजही उपयोगी पडतो.

२. कॅमेऱ्याचा अंदाज आणि त्याची मर्यादा

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजतो. परंतु येथे एक मूलभूत अडचण आहे. एखादी वस्तू अंधूक दिसते ती तिच्यावर प्रकाश कमी आहे म्हणून, की ती मुळातच काळी आहे म्हणून? केवळ परावर्तित प्रकाश मोजून हा भेद कळत नाही. म्हणून मापक एक गृहीत धरून चालतो : समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे. छायाचित्रकार मोजमापासाठी जे करडे पत्र वापरतात, ते त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के प्रकाश परावर्तित करते. १८ टक्के ही संख्या लहान वाटली, तरी माणसाच्या डोळ्यांना हीच छटा काळ्या-पांढऱ्याच्या मध्यावर भासते.

हे गृहीत पुष्कळदा खरे ठरते. परंतु दृश्य एका टोकाला झुकले की मापक फसतो. कच्छच्या रणातील मिठाचे मैदान किंवा हिमालयातील बर्फ यांचे छायाचित्र घेताना तो 'प्रकाश फार झाला' असे समजून मात्रा कमी करतो आणि शुभ्र बर्फ मळकट करडा उमटतो. वेरूळचे कैलास मंदिर काळ्या बेसाल्ट खडकात कोरलेले आहे. सावलीतील तो खडक चौकटभर आला, तर मापक उलट चूक करतो. तो प्रकाश वाढवतो आणि काळ्या पाषाणाचे गांभीर्य फिकटते.

आता घरातले उदाहरण घेऊ. मराठी कुटुंब नागपुरात असो, इंदुरात असो वा बडोद्यात, संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसलेल्या आणि हलव्याचे दागिने घातलेल्या नववधूचे छायाचित्र हौसेने काढले जाते. चौकटीचा मोठा भाग काळ्या साडीने व्यापलेला असतो. मापक तिला करडी समजतो आणि प्रकाश वाढवतो. परिणामी साडी राखी दिसते, चेहरा फिका पडतो आणि हलव्याच्या प्रत्येक दाण्यावरचा नाजूक काटा नाहीसा होऊन त्याचा पांढरा ठिपका उरतो. ज्या काट्यासाठी घरातील कोणीतरी मंद आचेवर तासन्‌तास हलवा फिरवलेला असतो, तोच चित्रातून निघून जातो.

यावरचा उपाय अवघड नाही. कॅमेऱ्यात अधिक-उणे चिन्हांची एक सोय असते. काळे दृश्य असेल तर मापकाने सुचवलेल्या मात्रेतून एक ते दीड स्टॉप कमी करावा. शुभ्र दृश्य असेल तर एक ते दोन स्टॉप वाढवावे. बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर चेहऱ्याला स्पर्श करून बोट वर किंवा खाली सरकवले, तरी हे साधते. लक्षात ठेवण्याचे सूत्र एवढेच : पांढऱ्याला पांढरे ठेवायचे तर प्रकाश वाढवा, काळ्याला काळे ठेवायचे तर तो कमी करा. ऐकताना हे उलट वाटते. परंतु मापकाचे गृहीत ध्यानात घेतले की त्यातील तर्क उलगडतो.

३. पागोळ्यांखालची भांडी

पावसाळ्यात पागोळ्यांखाली ओळीने भांडी मांडून ठेवली आहेत, अशी कल्पना करा. जेथे धार मोठी तेथील भांडे लवकर भरते. जेथे थेंब थेंब पडतो तेथील तळ जेमतेम ओला होतो. सेन्सरवरील लक्षावधी बिंदू या भांड्यांसारखे असतात. प्रत्येक बिंदू आपल्या वाट्याचा प्रकाश साठवतो आणि साठ्यानुसार त्याला एक संख्या मिळते. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत जो पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, त्यात अशा बिंदूंची संख्या केवळ १०,००० होती. आजच्या साध्या मोबाइलमध्येही ती एक कोटीच्या वर असते. परंतु तत्त्व तेच आहे.

भांडे काठोकाठ भरल्यावर पडणारे पाणी वाहून जाते. किती वाहून गेले, हे भरलेल्या भांड्याकडे पाहून सांगता येत नाही. अतिप्रकाशित भागाचेही असेच होते. तेथील सर्व बिंदूंना एकच कमाल संख्या मिळते आणि त्यांच्यातील फरक कायमचा पुसला जातो. पुढे संगणकावर तो भाग कितीही गडद केला, तरी हलव्याचा काटा परत येत नाही. पांढऱ्याच्या जागी सपाट करडा रंग मात्र येतो.

मग प्रकाश नेहमी कमीच घ्यावा का? तेही योग्य नाही. तळाशी चार थेंब असलेल्या भांड्यांची तुलना फारशी विश्वासार्ह नसते. एखादा थेंब योगायोगाने अधिक पडला तरी मोठा फरक दिसतो. काळोख्या भागांतील रवाळ ठिपक्यांचे मुख्य कारण हेच आहे. छायाचित्रकार त्यांना 'नॉइज' म्हणतात. शिवाय डिजिटल नोंदीत उजळ भागांच्या वाट्याला अधिक संख्या येतात. १४ बिटांच्या कच्च्या नोंदीत, म्हणजे 'रॉ' फाइलमध्ये, १६,३८४ पायऱ्या असतात. त्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला मिळतात; त्याखालच्या स्टॉपला ४,०९६ आणि पुढे प्रत्येक स्टॉपला आधीच्या निम्म्या.

यावरून व्यवहाराचा नियम निघतो. महत्त्वाचे उजळ भाग सांडू न देता शक्य तेवढा प्रकाश घ्यावा. यांतील 'महत्त्वाचे' हा शब्द विसरू नये. सूर्याचे बिंब, दिव्याची ज्योत, भांड्यावरची तळपणारी तिरीप हे भाग पांढरे झाले तरी हरकत नसते. तेथे पाहण्यासारखा तपशील नसतोच. परंतु वधूच्या कपाळावरील उजेड किंवा पांढऱ्या धोतराच्या चुण्या सांडल्या, तर चित्राचे नुकसान होते.

४. छटांचा आलेख

भांडी किती भरली, हे पाहण्याचे साधन म्हणजे हिस्टोग्राम. संगणकावरील सामान्य चित्रात प्रत्येक रंगाच्या छटा ० ते २५५ अशा २५६ पायऱ्यांत मांडलेल्या असतात. ० म्हणजे गडद काळा आणि २५५ म्हणजे शुभ्र पांढरा. हिस्टोग्रामच्या आडव्या अक्षावर डावीकडून उजवीकडे या छटा असतात आणि उभ्या अक्षावर त्या त्या छटेच्या बिंदूंची संख्या. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीवर जाऊन आदळला असेल, तर उजळ भाग सांडले आहेत; डाव्या भिंतीवर आदळला असेल, तर सावल्या बुडाल्या आहेत.

मात्र आलेखाचा एकच 'आदर्श' आकार नसतो. धुक्यातील सकाळ, बर्फाचे मैदान, मध्यरात्रीची दीपमाळ यांचे आलेख वेगवेगळेच असणार. धुक्याचा आलेख मध्यभागी एकवटलेला असेल आणि दीपमाळेचा डावीकडे झुकलेला. तो ओढून ताणून सर्वत्र पसरवला, तर धुके विरेल आणि रात्र मावळेल. आलेख केवळ वस्तुस्थिती सांगतो. ती इष्ट आहे की नाही, हे दृश्याच्या स्वभावावरून ठरवावे लागते. आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. रॉ फाइल नोंदवत असतानाही बहुतेक कॅमेऱ्यांच्या पडद्यावरील आलेख तयार जेपेग चित्रावरून काढलेला असतो. त्यामुळे पडद्यावर सांडलेला दिसणारा थोडासा उजेड कच्च्या नोंदीत शिल्लक असू शकतो.

५. डोळ्यांची साक्ष

'प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले' ही आपण सबळ साक्ष मानतो. छटांच्या बाबतीत मात्र डोळे सापेक्ष असतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे एडवर्ड अ‍ॅडलसन यांनी १९९५ मध्ये बुद्धिबळाच्या पटाचे एक चित्र प्रसिद्ध केले. पटावर एका दंडगोलाची सावली पडली आहे. सावलीबाहेरचे एक काळे घर आणि सावलीतील एक पांढरे घर यांची छटा मोजली असता ती तंतोतंत सारखी भरते. पाहणाऱ्याला मात्र एक काळे आणि दुसरे पांढरेच दिसते. आपली दृष्टी सावलीचा हिशेब वजा करून वस्तूचा 'खरा' रंग ओळखू पाहते. दैनंदिन जीवनात हे वरदानच आहे; चित्राची छटा पारखताना मात्र ते आड येते.

यामुळेच भर उन्हात कॅमेऱ्याचा पडदा अंधूक दिसतो आणि चित्र काळे आल्यासारखे वाटते. रात्री अंधाऱ्या खोलीत तेच चित्र झगझगीत भासते. छापून आलेली चित्रे गडद आल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. तिचे कारण बहुधा छपाईत नसते. संगणकाचा पडदा वाजवीपेक्षा अधिक उजळ ठेवून चित्र संपादित केलेले असते. छपाईसाठी काम करताना पडद्याची तेजस्विता प्रति चौरस मीटर ८० ते १२० कॅन्डेला ठेवावी, अशी शिफारस सामान्यतः केली जाते. शक्य असेल तर खोलीतील प्रकाशही स्थिर ठेवावा.

६. चेहऱ्याची छटा

आतापर्यंत आपण बर्फ, पाषाण आणि हलव्याचा विचार केला. माणसाच्या चेहऱ्याशी आलो की छटांचा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास 'झोन पद्धती' मांडली. तीत गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे ० ते १० असे ११ पट्टे कल्पिले आहेत. पाचवा पट्टा मध्यम करडा. उन्हातील गोऱ्या त्वचेची छटा सहाव्या पट्ट्यात आणि सावळ्या त्वचेची पाचव्या पट्ट्यात, असे या पद्धतीत मानले गेले. यातील तत्त्व महत्त्वाचे आहे : प्रत्येक चेहऱ्याचे स्वतःचे स्थान असते आणि सर्वांना एकाच पट्ट्यात बसवणे चूक आहे.

प्रत्यक्षात मात्र बराच काळ वेगळेच घडले. रंगीत छपाईचा समतोल जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुनाचित्र पुरवीत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे आणि अशा पत्रांना 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा चांगली दिसली म्हणजे छपाई योग्य झाली, असे समजले जाई. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या प्रथेचा मागोवा घेतला आहे. गडद तपकिरी छटांतील फरक फिल्मवर नीट उमटत नाहीत, ही तक्रार कंपनीपुढे जोराने मांडली ती चॉकलेट आणि लाकडी सामान यांच्या उत्पादकांनी, असे त्यांना आढळले. विविध वर्णांच्या स्त्रिया असलेले नमुनाचित्र कोडॅकने १९९० च्या दशकात आणले. मोबाइलच्या क्षेत्रातही हा विचार उशिरा आला. गुगलने २०२१ मध्ये सावळ्या व काळ्या त्वचेच्या छटा अधिक अचूक उमटाव्यात, यासाठी आपल्या पिक्सेल फोनमध्ये 'रिअल टोन' ही सोय दिली.

आपल्या देशात तर गव्हाळ, निमगोऱ्या, सावळ्या आणि काळ्या अशा कितीतरी वर्णांची माणसे एकाच कुटुंबात असतात. पांढऱ्या पडद्यासमोर त्यांचे एकत्र छायाचित्र घेतले की मापक पडद्याला भुलतो, मात्रा कमी होते आणि सावळे चेहरे काळोखात बुडतात. अशा वेळी चेहऱ्यावर पडणारा प्रकाश मोजावा. त्यासाठी तळहात हे हाताशी असलेले साधन आहे. माणसांच्या वर्णांत जेवढा फरक असतो, तेवढा तळहातांच्या छटेत सामान्यतः नसतो. तो मध्यम करड्याहून साधारण एक स्टॉप उजळ असतो. म्हणून चेहऱ्यावर जो प्रकाश आहे, त्याच प्रकाशात तळहात धरून मोजमाप घ्यावे आणि मात्रा एक स्टॉप वाढवावी.

सावळा चेहरा पुरेशा प्रकाशात टिपणे आणि तो गोरा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत गालावरची झळाळी, डोळ्यांखालची सावली, कपाळाची गोलाई हे सारे दिसू लागते. दुसरीत याच छटा पुसून त्वचा पिठासारखी सपाट केली जाते. लग्नाच्या अल्बममध्ये हे अनेकदा घडते आणि ते 'सुधारणा' म्हणून खपते. परंतु ज्या मुलीचा चेहरा अशा रीतीने पुसला जातो, तिला न बोलता एक गोष्ट सांगितली जात असते : तू जशी आहेस, तशी चित्रात शोभत नाहीस. आपल्या विठ्ठलाला सावळा म्हणताना ज्या भाषेला कौतुक वाटते, त्या भाषेच्या घरांत तरी असे घडू नये.

७. संपादन : सुधारणा आणि विपर्यास

संपादनाची मुख्य साधने थोडी आहेत. 'लेव्हल्स'मध्ये काळ्याचे, पांढऱ्याचे आणि मध्यछटेचे स्थान ठरवता येते. 'कर्व्हज'मध्ये वक्ररेषा वाकवून सावल्या, मध्यछटा आणि उजळ भाग स्वतंत्रपणे हलवता येतात. चित्राचा ठरावीक भाग उजळ किंवा गडद करण्याची पद्धत तर फिल्मच्या अंधारखोलीइतकी जुनी आहे. काम क्रमाने करावे. प्रथम एकूण मात्रा, नंतर काळ्या-पांढऱ्याची टोके, त्यानंतर मध्यछटा आणि शेवटी स्थानिक दुरुस्त्या. मूळ फाइल जपून ठेवून प्रतीवर काम करावे. काही वेळाने चित्र पुन्हा पाहावे. ताज्या डोळ्यांना अतिरेक चटकन दिसतो.

छटा किती बदलाव्यात? १९९४ च्या एका घटनेने या प्रश्नाचे गांभीर्य जगाला दाखवून दिले. अमेरिकेतील प्रसिद्ध कृष्णवर्णीय खेळाडू ओ. जे. सिम्पसन यांना खुनाच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांनी काढलेले त्यांचे छायाचित्र 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापले. 'टाइम'च्या २७ जून १९९४ च्या अंकावर मात्र चेहरा मुद्दाम गडद केलेला होता. दोन्ही अंक विक्रीच्या ठिकाणी शेजारी शेजारी आल्यामुळे फरक उघड झाला. खटला उभा राहण्यापूर्वीच माणसाला भयानक रूपात दाखवले आणि त्यासाठी त्याच्या वर्णाचा उपयोग केला, अशी टीका झाली. 'टाइम'च्या संपादकांना वाचकांपुढे स्पष्टीकरण द्यावे लागले. चित्रात कोणतीही नवी वस्तू घातलेली नव्हती की काढलेली नव्हती. मुख्यतः छटा बदलल्या होत्या आणि तेवढ्याने अर्थ बदलला.

तेथे चेहरा काळा केला. येथे आपण तो गोरा करतो. दिशा वेगळ्या असल्या तरी दोष एकच : समोरच्या माणसापेक्षा आपल्या मनातील प्रतिमा अधिक खरी मानणे. म्हणून संपादन करताना स्वतःला एक प्रश्न विचारावा. या बदलाने, तेथे जे होते ते अधिक स्पष्ट दिसते, की तेथे जे नव्हते ते दिसू लागते? पहिले उत्तर आले तर ती सुधारणा; दुसरे आले तर तो विपर्यास. कलाचित्रात कल्पनेला मोकळीक आहे. परंतु बातमी, ओळखपत्र आणि कुटुंबाची आठवण यांत ती मर्यादेतच घ्यावी.

समारोप

मापक, आलेख आणि संगणक ही सारी उपयुक्त साधने आहेत. ती मोजतात, पारख मात्र माणसाने करायची असते. काळ्या साडीचा काळेपणा, हलव्याचा काटा आणि सावळ्या चेहऱ्याची झळाळी या तिन्ही गोष्टी एका चौकटीत आपापल्या जागी राहिल्या, म्हणजे छायाचित्र साधले असे समजावे.

शब्दार्थ

परावर्तित – पृष्ठभागावर पडून मागे फिरलेला (प्रकाश). छटा – रंगाचा वा उजेडाचा सूक्ष्म भेद. पागोळ्या – पावसात छपराच्या कडेवरून गळणाऱ्या धारा. चंद्रकळा – काळ्या रंगाची साडी. सापेक्ष – दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असलेले. विपर्यास – मूळ अर्थाची उलटापालट.

पाठान्त प्रश्न

१. बर्फाचे छायाचित्र करडे का उमटते? उपाय सांगा.

२. पागोळ्यांखालील भांड्यांच्या दृष्टान्तातून लेखात कोणत्या दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत?

३. 'हिस्टोग्रामचा एकच आदर्श आकार नसतो.' हे विधान उदाहरणांनी पटवून द्या.

४. सावळा चेहरा नीट टिपणे आणि तो गोरा करणे यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

उपक्रम

खिडकीजवळ एक पांढरा आणि एक काळा रुमाल ठेवा. प्रथम प्रत्येकाचे चौकट भरेल असे स्वतंत्र छायाचित्र घ्या आणि नंतर मात्रा बदलून पुन्हा घ्या. चारही चित्रांची तुलना करून निरीक्षणे दहा ओळींत लिहा.